पंचवीस बाइटांचा फरक

संत एकनाथ रंगमंदिर, १९६० साली सुरू झालेलं शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय आणि शासकीय तंत्रनिकेतन, एवढं सगळं छत्रपती संभाजीनगरच्या उस्मानपुऱ्यात हाकेच्या अंतरावर आहे. अशा भागात संगणकाची कामं करणाऱ्या माणसाला शाळा, पतसंस्था, मंडळं यांच्याकडून एक वाक्य हमखास ऐकायला मिळतं : ‘सर, तेवढी आमची वेबसाइट टाकून द्या ना.’ आणि साइट खरंच टाकून होते. भाड्याच्या लिनक्स सर्व्हरवर वर्डप्रेस बसवायला पाच मिनिटं लागतात असा त्या प्रकल्पाचाच जुना दावा आहे, आणि सराव असेल तर तो फारसा खोटा नाही. माझं म्हणणं एवढंच आहे, की त्या घाईत तीन-चार निर्णय न घेताच घेतले जातात आणि मराठी साइटला ते पुढे वर्षानुवर्षं निस्तरावे लागतात.

आधी यंत्रणा. खाली लिनक्स, १९९१ चं. त्यावर पानं पुरवणारा अपाची, मजकूर साठवणारा मायएसक्यूएल आणि या दोघांमध्ये बोलणं घडवणारी पीएचपी. ही तिन्ही १९९५ ची. चौघांच्या आद्याक्षरांवरून १९९८ मध्ये ‘लॅम्प’ हे नाव पडलं. या पायावर जानेवारी २००१ मध्ये बेल्जियमच्या ड्रीस बायटार्टचं ड्रुपल आलं, २७ मे २००३ ला मॅट मलनवेग आणि माइक लिटल यांचं वर्डप्रेस, २००५ मध्ये मॅम्बोतून फुटून जुमला. मराठी विकिपीडिया ज्यावर चालतो ते मीडियाविकीही याच कुळातलं. मराठी आवृत्ती १ मे २००३ ला सुरू झाली, म्हणजे वर्डप्रेसपेक्षा काही दिवसांनी थोरली. परवाना फी कुठेच नाही. मराठी वेबचा मोठा हिस्सा उभा राहिला तो या फुकटेपणामुळे, सरकारी योजनेमुळे नव्हे.

सर्व्हरवर उबुंटू हे लिनक्स असेल तर दोन-चार आज्ञांत चौकडीतली बाकीची तिन्ही हजर होतात. मग एक रिकामा डेटाबेस, त्याचा स्वतंत्र वापरकर्ता आणि पासवर्ड. वर्डप्रेसची झिप फाइल वेब-फोल्डरमध्ये उलगडायची. ब्राउझर उघडला की पहिल्याच पडद्यावर भाषांच्या यादीत ‘मराठी’ दिसतं. कुलपाचं चिन्ह देणारं प्रमाणपत्र लेट्स एन्क्रिप्टकडून २०१५ पासून फुकट मिळतं. ते नव्वद दिवसांचं असल्याने नूतनीकरण आपोआप होतंय ना, हे एकदा तपासून ठेवायचं. इथवर कुणी अडत नाही.

अडतं ते परवानग्यांपाशी. लिनक्समध्ये प्रत्येक फाइलवर तीन आकडे असतात : मालकाचा, गटाचा आणि बाकी सगळ्यांचा. वाचायचे चार, लिहायचे दोन, चालवायचा एक, अशी बेरीज. फोल्डरला ७५५ आणि फाइलला ६४४ पुरतं. पण छायाचित्र चढत नाही, ‘परवानगी नाही’ असा लाल पट्टा येतो, आणि फोनवर कुणीतरी तज्ज्ञ सांगतो, ‘सातशे सत्त्याहत्तर करून टाक.’ चित्र चढतं, सगळे खूश. आता मात्र त्या सर्व्हरवरची कुठलीही प्रक्रिया तिथं काहीही लिहू शकते. खरा दोष मालकीत असतो. फाइली रूट या मुख्य वापरकर्त्याच्या नावावर राहिलेल्या असतात आणि वेबसर्व्हर वेगळ्या नावाने वावरतो. मालक बदलला की काम होतं, दार सताड उघडं ठेवावं लागत नाही. एका शिक्षणसंस्थेच्या साइटवर असंच उघडं दार सापडलं होतं. मुखपृष्ठ स्वच्छ, पण गुगलवर संस्थेचं नाव शोधलं की खाली ऑनलाइन रमीच्या जाहिराती. शैक्षणिक डोमेनवर शोधयंत्रांचा विश्वास असतो, म्हणून अशा साइट हेरल्या जातात, आणि घुसवलेला मजकूर फक्त शोधयंत्रालाच दिसेल अशी तजवीजही केली जाते. मुख्याध्यापकांना ते महिनोन्‌महिने दिसत नाही, पालकांना दिसतं.

दुसरी गोष्ट खास आपली, लिपीची. मायएसक्यूएल स्वीडनमध्ये घडलं, त्यामुळे कुणी काही सांगितलं नाही तर ते पश्चिम युरोपीय अक्षरसंच आणि स्वीडिश अक्षरक्रम गृहीत धरायचं. ही सवय २०१८ च्या ८.० आवृत्तीपर्यंत टिकली. वर्डप्रेस स्वतःपुरती योग्य निवड करतं, पण जुनी साइट नव्या सर्व्हरवर हलवताना बॅकअप चुकीच्या संचात उघडला की मराठीची दाणादाण उडते. ती दोन प्रकारची असते, आणि फरक ओळखता येणं फार महत्त्वाचं. सगळीकडे नुसती प्रश्नचिन्हं दिसली तर मजकूर गेला. जुना बॅकअप शोधा. पण मात्रा चढवलेला फ्रेंच ए, शेजारी कधी चलनाचं गोल चिन्ह तर कधी जपानी येन, अशी जत्रा दिसली तर निर्धास्त राहा, मजकूर शाबूत आहे. युनिकोडच्या रूढ मांडणीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेतं आणि त्यांतला पहिला कायम तोच असतो. फ्रेंच ए तिथून येतो. बहुतेक अक्षरांना गोल चिन्ह, आणि दीर्घ वेलांटी, मात्रा किंवा पाय मोडलेलं अक्षर आलं की येन.

पानांच्या पत्त्यांचंही तेच. देवनागरी शीर्षक दिलं की वर्डप्रेस त्याचाच पत्ता बनवतं, पण आत साठवताना दर बाइटचं टक्क्याच्या चिन्हासकट तीन अक्षरांत रूपांतर होतं. म्हणजे एका चिन्हाची नऊ अक्षरं. काना, मात्रा, अनुस्वार वेगळे मोजायचे. मर्यादा २०० अक्षरांची. ‘वार्षिक स्नेहसंमेलन २०२५’ हे शीर्षक मोजून पाहा, मधल्या दोन आडव्या रेघांसह बरोबर २०० भरतं. पुढे ‘अहवाल’ किंवा ‘छायाचित्रे’ लिहिलंत तर तो भाग छाटला जातो, दोन्ही पानांचा पत्ता एकच होतो आणि दुसऱ्याला शेपटी लावावी लागते. मायबोली, मिसळपाव, ऐसी अक्षरे या ड्रुपलवरच्या संकेतस्थळांचे पत्ते आठवा : ‘नोड’ आणि पुढे क्रमांक. दिसायला रुक्ष, पण लेखाचं शीर्षक कितीही लांबलं तरी पत्त्याला धक्का नाही. मी लोकांना आखूड पत्ता हाताने लिहायला सांगतो.

बाइटांच्या या हिशोबाची खरी परीक्षा आपल्या शहरात २०२३ मध्ये झाली. फेब्रुवारीत औरंगाबादचं छत्रपती संभाजीनगर झालं, सप्टेंबरात जिल्ह्याचंही. प्रत्येक साइटवर नाव बदलायचं, आणि सर्वांत सोपी वाट म्हणजे थेट डेटाबेसमध्ये ‘शोधा आणि बदला’. लेखांत ते चालतं. पण तळटीप, बाजूचे रकाने, थीमच्या निवडी या गोष्टी वर्डप्रेस एका गाठोड्यात ठेवतं आणि मजकुराच्या प्रत्येक तुकड्याआधी त्याची बाइटांतली लांबी लिहितं. ‘औरंगाबाद’ म्हणजे आठ चिन्हं, २४ बाइट. ‘छत्रपती संभाजीनगर’ म्हणजे सोळा चिन्हं आणि एक मोकळी जागा, ४९ बाइट. शब्द बदलला आणि आधीचा आकडा २४ च राहिला, की पीएचपीला गाठोडं सोडवता येत नाही. ती कुरकुरही करत नाही, संस्थेच्या पत्त्याचा रकाना फक्त गायब होतो. उपाय आहे : डब्ल्यूपी-सीएलआय हे साधन आकड्यासह बदल करतं, आणि प्रत्यक्ष बदलण्याआधी किती ठिकाणी हात लागेल हे तालीम करून दाखवतं.

साधन असलं तरी सगळं बदलायचं नसतं. उच्च न्यायालयाचं खंडपीठ अजून औरंगाबादच्याच नावाने आहे. जुन्या पुस्तकांची प्रकाशनस्थळं, जुनी प्रमाणपत्रं जशी होती तशीच राहायला हवीत. चित्रांच्या फाइलनावांत रोमन लिपीतलं जुनं नाव असेल आणि तेही बदललं गेलं, तर चित्रच दिसेनासं होतं. अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या डोमेनमधला ‘ए’ औरंगाबादचाच आहे, आणि तो ठेवला हे शहाणपणाचं झालं. डोमेन बदललं की वर्षानुवर्षं दुसऱ्यांनी दिलेले दुवे तुटतात किंवा जुनं डोमेन राखून तिथून वळवत बसावं लागतं.

आवृत्त्यांच्या वयाबद्दल थोडक्यात. सेंटओएस ७ या लिनक्सची देखभाल ३० जून २०२४ ला संपली, पीएचपी ७.४ ची त्याआधीच, नोव्हेंबर २०२२ मध्ये. ड्रुपल ७ चौदा वर्षं जगून ५ जानेवारी २०२५ ला निवृत्त झालं; तिथून पुढच्या ड्रुपलवर जाणं हे अपडेट नव्हे, स्थलांतर आहे.

अशा स्थलांतराहून मोठा खर्च मला वेगळाच वाटतो. माहितीच्या अधिकाराच्या २००५ च्या कायद्यातलं कलम ४ सार्वजनिक संस्थांना स्वतःहून माहिती द्यायला लावतं, एआयसीटीई अनिवार्य प्रकटन मागते. त्यासाठी साइट उभी राहते, आणि तिच्यावर चढतं काय, तर सूचनेचं स्कॅन केलेलं पीडीएफ. कारण साधं आहे. सूचना श्री-लिपीसारख्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप झालेली असते, ती चिकटवली तर इंग्रजी अक्षरांचा चिवडा दिसतो, मग छापा, सही घ्या, स्कॅन करा. मजकूर व्यवस्थापनाची एवढी यंत्रणा आणि तिच्यात शोधता येईल असा मजकूर नाही. नव्या प्लगइनऐवजी कार्यालयातल्या टंकलेखकाला युनिकोड कळफलक शिकवण्यावर पैसे घालावेत, असं माझं स्पष्ट मत आहे.

आणि ज्या संस्थेत बॅकअप घेणारा एक ठरलेला माणूस नाही, तिने स्वतःचा सर्व्हर घेऊच नये. जिल्ह्यांच्या साइटसाठी एनआयसीने एकच सामाईक व्यवस्था उभी केली आहे, ती याच विचाराने. दरवर्षी साइट अंतिम वर्षाच्या विद्यार्थ्यांकडून ‘प्रोजेक्ट’ म्हणून करून घेण्याची रीतही थांबावी. मुलं जातात आणि पासवर्ड त्यांच्यासोबत जातो. त्यांना द्यायचंच तर दुसरं काम द्यावं. साइटची प्रत प्रयोगशाळेत उभी करायची, तिच्यात शहराचं नाव बदलायचं, आणि मग तीन गोष्टी तपासायच्या : तळटीप जागेवर आहे का, खंडपीठाचं नाव शाबूत आहे का, आणि बिहारमधलं औरंगाबाद अजून बिहारमध्येच आहे का.