पेठेचे सुख कशात आहे?

सुख मानण्यावर असते, असे वडीलधारे सांगत आले आहेत. संसारात हा उपदेश हितकारक असेल. परंतु नगराच्या कारभारास तो लावला म्हणजे त्याचे पांघरूण होते. सोलापुरास हा अनुभव नवा नाही. उजनीचा जलाशय याच जिल्ह्यात, आणि शहरातील नळास मात्र कित्येक वर्षे चार-चार दिवसांआड पाणी! पाण्याच्या दिवशी बाई घागरी घेऊन बसली की तिचा रोजगार बुडतो. आणि पाळीवरून जिच्याशी तंटा होतो, ती परकी नसून शेजारीणच असते. अशा गृहिणीस समाधान मानावयास सांगणे ही नीती नव्हे, थट्टा होय.

शेजाराची किंमत काय, हे हार्वर्ड विद्यापीठाने १९३८ साली आरंभिलेल्या पाहणीवरून दिसते. कित्येक दशकांनंतर तिचा मथितार्थ हाच निघाला की, समाधानी व निरोगी आयुष्याचा संबंध द्रव्यापेक्षा माणसामाणसांतील जिव्हाळ्याशी अधिक आहे. आमच्या पूर्वभागातील विडी वळणाऱ्या भगिनींना हे कळण्यास परदेशी पंडितांची गरज नव्हती. पान-तंबाखू घरी आणावी, सूप मांडीवर घ्यावे, आणि हात चालता चालता तेलुगू, कन्नड, मराठी, उर्दू अशा मिश्र बोलीत सुखदुःखे सांगावी, हाच त्यांचा विसावा.

याच भगिनींनी संघटना करून हक्काची घरे मिळविली. अक्कलकोट रस्त्यावरील कुंभारी येथे २००६ साली दहा हजार घरांची वसाहत झाली. पुढे जानेवारी २०२४ मध्ये रे नगर येथील पंधरा हजार घरांचे लोकार्पण झाले. ही गोष्ट सर्वथा अभिनंदनीय आहे. तथापि अनुदानाने भिंती उभ्या राहतात, शेजार उभा राहत नाही. त्यासाठी शाळा, दवाखाना, बाजार व मोटारगाडीची सोय घराच्या किल्लीबरोबरच हाती पडली पाहिजे. नाहीतर भाड्यात वाचलेला पैसा येण्याजाण्यात जावयाचा.

व्यापारी वाचक विचारतील, यात आमचा संबंध काय? आमचे उत्तर असे की, ज्या चादरींवर व टॉवेलांवर आपली पेढी चालते, त्या याच गल्लीबोळांतील मागांवर विणल्या जातात. विणकराचे घर तहानलेले आणि पेढी मात्र भरलेली, ही स्थिती फार दिवस टिकत नाही.

मग उपाय कोणता? १९९२ च्या चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने तीन लाख किंवा अधिक वस्तीच्या नगरांत प्रभाग समित्यांची तरतूद केली आहे. कायदा आहे, त्याचा पाठपुरावा करणारे नागरिक हवेत. आपल्या प्रभागाची समिती केव्हा बसली, तिने पाण्याचा व दिव्याचा काय निर्णय केला, हे प्रत्येक पेठेने जाऊन विचारावे. ज्या नगरपालिकेवर लोकांनी १९३० साली, परकी सत्तेच्या डोळ्यांदेखत, तिरंगा फडकविला, त्या नगराच्या रहिवाशांना स्वराज्यात नळाच्या पाण्याचा हिशेब विचारण्यास संकोच का वाटावा? गाव करी ते राव न करी, ही म्हण आमच्या पूर्वजांनी उगाच केलेली नाही.