जलसुरक्षकाचे प्रशिक्षण : आधी नोंदवही, मग टाकी

शिरूर तालुक्यातील कवठे येमाई हे वाड्यावस्त्यांनी विस्तारलेले गाव. अशा गावात नळाच्या पाण्याच्या शुद्धतेची भिस्त प्रामुख्याने ग्रामपंचायतीच्या जलसुरक्षकावर असते. टाकीत ब्लीचिंग पावडर, म्हणजे गावोगावी परिचित असलेली टी.सी.एल., किती व केव्हा टाकावयाची हे त्यालाच पाहावे लागते. त्यात चूक झाली की अतिसार, कावीळ यांसारख्या साथींना वाट मोकळी होते. म्हणूनच त्याला कामाच्या जागीच प्रशिक्षण देणे अगत्याचे ठरते. मात्र पुष्कळदा प्रशिक्षणाचा दिवस ठरतो, चहापाण्याची व्यवस्था होते आणि पूर्वतयारी तेवढी राहून जाते.

ही तयारी कर्मचाऱ्याच्या नोंदवहीपासून सुरू करावी. मागील महिन्यात ओ.टी. चाचणीच्या वेळी कोणत्या नळाच्या पाण्याला पिवळा रंग आला नाही, हे तीत पाहावे. भारतीय मानकानुसार नळाच्या पाण्यात दर लिटरला किमान 0.2 मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक असावयास हवा. रंग येत नसेल तर कदाचित टाकीतील पाण्याचा हिशेब चुकत असेल. कदाचित हिशेब बरोबर असून पावडरच जुनी असेल. ताज्या पावडरीत साधारणतः 33 टक्के क्लोरीन असतो. पोते दमट जागी उघडे राहिल्यास तो उडून जातो. हे प्रमाण 22 टक्क्यांवर आले, तर त्याच मापात एक तृतीयांश क्लोरीन कमी पडतो. येथे उणीव साठवणुकीची आहे. कर्मचाऱ्याला गणित शिकवीत बसणे हा त्याच्यावर अन्यायच होय. यास्तव अगोदर त्याच्याशी एकांतात बोलावे. सरपंच व सदस्यांसमोर तो "सर्व ठीक आहे" एवढेच सांगेल.

एका बैठकीत एकच कौशल्य घ्यावे. पाणी मोजणे शिकवावयाचे असल्यास ग्रामपंचायत अधिकाऱ्यांनी टाकीची आतील मापे आधीच काढून ठेवावीत. चौकोनी टाकीची लांबी 4 मीटर, रुंदी 3 मीटर आणि पाण्याची उंची 2 मीटर असेल, तर पाणी 24 घनमीटर, म्हणजे 24,000 लिटर भरते. हा हिशेब समजावून देण्यास गावातील शिक्षकांचे साहाय्य घेता येईल. तराजू, ताजी पावडर, मुदतीतील चाचणी द्रावण आणि हातमोजे जागेवर असावेत. क्लोरीनला पाण्यात किमान अर्धा तास मिळावा लागतो. तेव्हा बैठक पाणी सोडण्यापूर्वी घ्यावी. कार्यालयीन सोयीसाठी ती अकरा वाजता ठेवली, तर रिकाम्या टाकीसमोर भाषणच होईल.

तमाशाच्या फडांसाठी लेखन करणाऱ्या लोकशाहीर बशीर मोमीन कवठेकरांच्या या गावाला, ढोलकीवर हात व्याख्यानाने बसत नाही, हे सांगावयास नकोच. प्रशिक्षकानेही एकदा करून दाखवावे, मग माप कर्मचाऱ्याच्या हाती देऊन गप्प राहावे. अर्ध्या तासानंतर पाणी सोडून दोघांनी शेवटच्या नळापर्यंत जावे आणि तेथील पाण्याला रंग येतो का ते पाहावे. पुढील भेटीची तारीख त्याच नोंदवहीत लिहून ठेवावी.