रंग पत्रा सोडतो तेव्हा

जुन्या प्रीमियर पद्मिनीच्या दारावर ब्रशने पेंट रिमूव्हरचा जाड हात द्या आणि दहा मिनिटं नुसतं बघत उभे राहा. आधी काहीच घडत नाही. मग कोपऱ्यात एक सुरकुती उठते, तिच्यामागून दुसरी, आणि बघता बघता अख्खं दार सुरकुततं. बोथट पात्याने ढकललं की लांबच्या लांब पट्टा सुटून येतो आणि खाली दिसतो कुर्ल्याच्या कारखान्यात घडलेला पत्रा, राखाडी आणि स्वच्छ!

मला वाटायचं, हे रसायन रंग जाळतं. पण जुन्या धाटणीच्या रिमूव्हरमधलं डायक्लोरोमिथेन रंगाला फुगवतं. त्याचे रेणू इतके लहान, की वाळलेल्या रंगाच्या जाळीत सहज शिरतात. रंग फुगून पसरू बघतो, पत्रा मात्र होता तेवढाच राहतो. ही ओढाताण वाढली की रंगाची पकड सुटते. बिरड्यासाठी भिजवलेल्या वालाचं साल असंच आधी सुरकुततं, मग हातात येतं.

त्याहून नवल मेणाचं. डायक्लोरोमिथेन ४० अंशांनाच उकळतं. उघड्यावर ते काम होण्याआधीच उडून जाईल. म्हणून त्यात थोडं मेण मिसळतात. वरचा द्रव उडू लागला की मेणाची पातळ साय धरते आणि तीच झाकण होते. एकदा लावल्यावर पुन्हा ब्रश फिरवायचा नाही तो यासाठी. फिरवला की झाकण फाटलं.

सगळेच रंग असे सुरकुतत नाहीत. नायट्रोसेल्युलोजचा रंग, ज्याला आपल्याकडे अजून 'ड्यूको' म्हणतात (ड्यूपाँट कंपनीच्या १९२० च्या दशकातल्या रंगाचं ते नाव), विरघळून ओघळतो. तो नुसता थिनर उडून वाळलेला असतो, त्यात जाळी विणलेलीच नसते. आडबाजूला थिनरचं फडकं घासून बघा. फडक्याला रंग लागला, तर ड्यूको समजा.

एक कळकळीची विनंती. हे काम बंद गॅरेजमध्ये करू नका. डायक्लोरोमिथेनची वाफ हवेपेक्षा जड असते, खाली साचते, आणि श्वासातून गेली की शरीरात तिचा कार्बन मोनॉक्साइड बनतो. माणसं दगावली आहेत. जुन्या पिवळ्या रंगात शिसंही असू शकतं, तेव्हा कोरडं घासू नका. आणि पत्रा उघडा पडला की मेणाचा अंश पुसून त्याच दिवशी प्रायमर मारा. मुंबईच्या दमट हवेत उघड्या पत्र्यावर रातोरात गंज धरतो.