विटांनी लिहिलेली भिंत: चौकोनी कुफी लिपी म्हणजे काय, ती ओळखायची कशी?

किराणा दुकानात पैसे देताना आपण क्यूआर कोड स्कॅन करतो. नुसत्या डोळ्यांना तिथे काळे-पांढरे चौकोनच दिसतात, पण आत माहिती भरलेली असते. इराण, उझबेकिस्तान, कझाकस्तानातल्या जुन्या मशिदी आणि दर्ग्यांच्या भिंतींवरही असंच काहीसं दिसतं. निळ्या विटांच्या सरळ रेषा, काटकोनातली वळणं, चौकोनात चौकोन. बघणाऱ्याला वाटतं, छान नक्षी आहे. प्रत्यक्षात ती अक्षरं असतात. ती वाचायला मोबाइल लागत नाही, अरबी अक्षरांची ओळख लागते. या लिखाणाला 'चौकोनी कुफी' म्हणतात.

नाव कुठून आलं?

कुफा हे इराकमधलं जुनं शहर. त्याच्यावरून या लिपीला कुफी नाव पडलं. कुराणाच्या सुरुवातीच्या काळातल्या हस्तलिखित प्रती याच ठसठशीत, कोनदार वळणाच्या अक्षरांत आहेत. जेरुसलेममधल्या 'डोम ऑफ द रॉक' या वास्तूत इ.स. 691-92 च्या सुमारास रंगीत तुकडे जडवून याच वळणाचा सुमारे 240 मीटर लांबीचा मजकूर लिहिला गेला. मशिदीत माणसांची, प्राण्यांची चित्रं काढत नाहीत. त्यामुळे सजावटीसाठी वेलबुट्टी, भूमितीच्या आकृत्या आणि अक्षरं यांनाच मान मिळाला.

अक्षरं चौकोनी का झाली?

याचं उत्तर विटेत आहे. इराण आणि मध्य आशियात मोठ्या इमारती विटांच्याच. कागदावर लेखणी गोल फिरते, वीट फिरत नाही. मग गवंड्यांनी अक्षरच विटेच्या मापात बसवलं. ठिपक्यांची रांगोळी काढताना जसे आधी ठिपके मोजतो, तसा आधी चौकटींचा आराखडा करायचा. रेषेची जाडी आणि दोन रेषांमधली मोकळी जागा सारखी ठेवायची. वळण घ्यायचं ते काटकोनातच.

साध्या मातकट विटांमध्ये रंगीत चकाकी दिलेल्या विटा बसवून हे लिखाण होतं. तांब्यापासून फिरोजी रंग मिळतो, कोबाल्टपासून गडद निळा. या कामाला फारसीत 'बन्नाई' म्हणतात. बन्ना म्हणजे गवंडी. थोडक्यात, इथं लिहिणारा हात गवंड्याचा असतो.

अफगाणिस्तानात गझनी इथं बाराव्या शतकाच्या सुरुवातीला सुलतान मसूद तिसरा याने बांधलेल्या मिनारावर या लिखाणाचे अगदी जुने नमुने आहेत. समरकंदमध्ये तैमूरची कबर असलेल्या गुर-ए-अमीर या पंधराव्या शतकातल्या वास्तूत घुमटाखालच्या गोल भिंतीवर निळ्या विटांची भली मोठी कुफी अक्षरं दुरूनही दिसतात. इराणमधल्या इस्फहानच्या जामा मशिदीतही चौकोनी कुफीचं काम आहे. इस्तंबूलच्या तोपकापी संग्रहालयात कारागिरांच्या आराखड्यांची सुमारे 29 मीटर लांब गुंडाळी आहे. तिच्यात 114 नमुने असून काही चौकोनी कुफीचे आहेत.

ओळखायची कशी?

- अरबी उजवीकडून डावीकडे वाचतात.
- 'अल्लाह' या शब्दात तीन उभ्या रेषा असतात. उजवीकडची पहिली सुटी, पुढच्या दोन खालून जोडलेल्या. शेवटी एक छोटा बंद चौकोन. तो त्या शब्दातला 'ह'.
- 'मुहम्मद' किंवा 'अली' हे नाव बऱ्याचदा चारदा लिहून भिंगरीसारखं मध्याभोवती फिरवलेलं असतं. म्हणून एकाच चौकोनात शब्द सरळ, आडवा आणि उलटाही दिसतो.
- अक्षरांचे नुक्ते, म्हणजे टिंबं, बहुतेक वेळा गाळलेली असतात. त्यामुळे अरबी येणाऱ्यालाही जरा अडखळायला होतं. मजकूर आधीपासून पाठ असेल तर तो पटकन सापडतो.
- प्रत्येक नागमोडी पट्टी म्हणजे अक्षर नसतं.

आपल्या जवळ काय आहे?

लातूर आणि नांदेडला लागून असलेल्या बीदरमध्ये महमूद गावान याने 1472 मध्ये बांधलेला मदरसा आहे. त्याच्या उरलेल्या मिनारावर रंगीत फरशीची नागमोडी पट्टी दिसते, ती नुसती नक्षी. दर्शनी भिंतीवर वरच्या बाजूला फरशीत लिहिलेला कुराणातला मजकूर आहे, पण तो गोलाईच्या वळणाचा, कुफी नव्हे. बीदरजवळच अष्टूर इथं बहमनी सुलतान अहमद शाह वली याची कबर आहे. तिच्या आतल्या रंगकामात इतर वळणांबरोबर कुफी अक्षरंही आहेत. ती भिंतीवर रंगवलेली आहेत, विटांची नाहीत. इथल्या उरुसाला हिंदू आणि मुसलमान दोघंही येतात.

एक वीट चुकली तर?

साध्या नक्षीतली एक वीट पडली तर नक्षी थोडी बिघडते. इथं मात्र अक्षर मोडतं. दुरुस्तीत वीट एक घर सरकली तर भिंत दिसायला नीटच राहते, पण शब्द चुकतो, आणि अरबी न वाचणाऱ्याला तो कधीच कळत नाही. म्हणून अशा वास्तूची डागडुजी करताना गवंड्याच्या शेजारी मजकूर वाचणारा माणूस लागतो. रंगवलेल्या अक्षरांचंही तेच. चुन्याचा एक हात फिरला की ओळ गेली.

आपण निदान इतकं तर करू शकतो: जुन्या वास्तूच्या भिंतीवर नाव कोरायचं नाही, अक्षरांवर हात घासायचा नाही. केंद्र सरकारने संरक्षित केलेल्या वास्तूची नासधूस केल्यास 1958 च्या कायद्याप्रमाणे दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. पुढच्या वेळी अशी भिंत समोर आली तर फोटो काढून निघू नका. तीन उभ्या रेषा आणि एक बंद चौकोन सापडतो का, ते जरूर बघा.