स्टिअरिंग अचानक हलके लागते तेव्हा

सोलापूरहून हुमनाबाद, जहीराबाद करीत हैदराबादच्या विद्यानगरात नातेवाइकांकडे जाणारी कुटुंबे आपल्याकडे कमी नाहीत. गाडी बहुधा छोटी. १९८३ साली आलेल्या मारुती ८००पासून अशा बहुतेक गाड्यांत ओढायचे आणि वळायचे, दोन्ही काम पुढच्याच चाकांकडे असते. त्यांची पकड सुटली की स्टिअरिंग एकदम हलके होते. काहींना ते बरेच वाटते! पॉवर स्टिअरिंगचा हलकेपणा रोजचा. अचानक आलेला धोक्याचा.

तो केव्हा येतो, हे आधी पाहावे. भर पावसात वेग वाढल्यावरच येत असेल तर टायर पाण्यावर तरंगतो आहे, नक्षी १.६ मिलिमीटरवर आली की टायर बदलावाच. नक्षी शाबूत असूनही ओल्या रस्त्यावर चाक घसरत असेल तर टायरचे वय पाहा. बाजूला चार आकडे असतात. २३१५ म्हणजे २०१५चा तेविसावा आठवडा. जुने रबर कडक होते. डिकीत ज्वारीची पोती टाकल्यावरच तसे होत असेल, तर पुढचा भार उचलला गेला आहे. रिकाम्या गाडीत, कोरड्या रस्त्यावरही होत असेल तर हवा जास्त आहे का पाहावे (टायर थंड असताना), मग अलाइनमेंट.

पाण्यात स्टिअरिंग हलके झालेच, तर करकचून ब्रेक मारू नये. ते सरळ धरून अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय हळूहळू काढावा.