वारा असूनही पवनचक्की उभीच का?

साताऱ्याजवळच्या चाळकेवाडीच्या पठारावर वारा अंगाला लागत असतानाही काही पवनचक्क्या थिजल्यासारख्या उभ्या दिसतात. असे का? वाऱ्याचा वेग दुप्पट झाला, की त्यातली ऊर्जा आठपट होते. कारण तेवढ्याच वेळात पात्यांवर दुप्पट हवा येते आणि तिच्या प्रत्येक किलोत चौपट ऊर्जा असते. वेग निम्मा झाला, तर मात्र हाती आठवा हिस्साच उरतो; मंद वाऱ्यात तो चक्की फिरवायलाही पुरत नाही. म्हणून पावसाळी वाऱ्यांत भरभरून मिळणारी ही वीज इतर महिन्यांत रोडावते. फारच वादळी वारा सुटला, तर मोडतोड टाळायला चक्की थांबवावीच लागते.

धूर नाही, राख नाही, हा फायदा फार मोठा. पण असे पठार, म्हणजेच सडा, हा ओसाड माळ आहे असे समजून जागा निवडणे चूकच. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेच्या संशोधकांना याच पठारावर दिसले, की चक्क्यांच्या परिसरात शिकारी पक्षी जवळजवळ एक चतुर्थांशच उरतात. भक्षक घटले, तसे गळ्याला रंगीत पंखा असलेले सरडे वाढले, धीटही झाले. गर्दीत अन्नासाठी चढाओढ वाढली, सरडे किरकोळ अंगाचे झाले आणि नरांच्या गळ्यावरचे रंग फिके पडले.