अडीचशे ओहमचे ओझे

आमच्या नावापुढे हा विषय छापलेला पाहून काही श्रोते बुचकळ्यात पडले असतील. मजुरी, बोनस आणि हजेरीपट यांवर बोलणारा माणूस हेडफोनवर काय बोलणार, ही शंका रास्त आहे. आम्ही कोणत्याही विद्यालयात विद्युतशास्त्र शिकलेलो नाही. जे थोडेबहुत कळते ते जुने रेडिओ उघडून, हात भाजून आणि रात्री कंदिलाशेजारी पुस्तके वाचून कळले. तरी हा विषय आम्ही आपण होऊन मागून घेतला. त्याचे कारण असे घडले.

गेल्या दिवाळीच्या सुमारास जिनिंगमधल्या एका कामगाराचा मुलगा युनियनच्या कचेरीत आला. कीर्तनांची आणि लग्नसमारंभांची ध्वनिमुद्रणे साफ करून देण्याचे काम तो लॅपटॉपवर करतो. त्यासाठी त्याने बायरडायनामिक या जर्मन कंपनीचा डीटी ७७० प्रो हा हेडफोन कोणाकडून तरी जुना विकत घेतला होता. त्याच्यावर २५० ओहम असे लिहिलेले. परगावच्या एका दुकानदाराने त्याला सांगितले, की हे ओझे लॅपटॉपला पेलणार नाही, वेगळा अँप्लिफायर घ्यावाच लागेल. किंमत आठ हजार. मुलगा आम्हांला म्हणाला, "काका, बाबा कर्ज काढतो म्हणते. तुमी पाहा बरं, खरंच लागते का?" जिनिंगचा हंगाम म्हणजे वर्षाचे काही महिने. आठ हजार रुपये या घरात कोठून येतात ते आम्हांला ठाऊक आहे. म्हणून आम्ही म्हणालो, थांब, आधी मोजू.

मोजण्यापूर्वी ओहम म्हणजे काय ते पाहिले पाहिजे. चिखलीकरांना पाण्याचे शास्त्र वेगळे शिकवावे लागत नाही. टाकी जितकी उंच तितका नळाला जोर, आणि नळी जितकी अरुंद तितके पाणी कमी. विजेत टाकीची उंची म्हणजे व्होल्ट, वाहणारे पाणी म्हणजे प्रवाह आणि नळीचा अरुंदपणा म्हणजे ओहम. ध्वनीसारख्या उलटसुलट वाहणाऱ्या विजेला जो अडथळा होतो त्याला अवरोध म्हणतात, पण तो मोजायचा ओहममध्येच. यावरून दुकानदाराचे 'ओझे' हे कसे उलटे आहे ते ध्यानात येईल. २५० ओहमची नळी अरुंद आहे. ती ३२ ओहमच्या साध्या हेडफोनपेक्षा पाणी कमीच ओढते. प्रवाहाच्या दृष्टीने ते ओझे हलके आहे. अडचण असलीच तर ती टाकीच्या उंचीची. लॅपटॉपमधला ध्वनीचा तुकडा अल्प व्होल्टवर चालतो, आणि बहुतेक लॅपटॉपच्या छिद्रातून पुऱ्या आवाजाला एक व्होल्टच्या आसपासच निघतो. तेवढा पुरतो काय, एवढाच खरा प्रश्न आहे.

येथे थोडे मागे जाण्याचा मोह आवरत नाही. मुंबईत १९२३ साली रेडिओ क्लबच्या हौशी मंडळींनी प्रक्षेपणाचे प्रयोग आरंभले, आणि २३ जुलै १९२७ रोजी इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचे मुंबई केंद्र व्हॉइसरॉय लॉर्ड आयर्विन यांच्या हस्ते सुरू झाले. ती कंपनी १९३० साली बुडाली, हा भाग निराळा. त्या काळी केंद्राच्या जवळपास राहणाऱ्याला क्रिस्टल सेटवर कार्यक्रम ऐकता येई. या सेटला बॅटरी नाही, दिव्यांच्या नळ्या नाहीत आणि अँप्लिफायर तर नाहीच. छपरावर ताणलेली तार हवेतून जी काही वीज गोळा करील, तेवढ्यावर हेडफोन बोलायचा. ही वीज वॅटच्या लक्षांशाच्या हिशेबात मोजावी इतकी अल्प. आणि तो हेडफोन किती ओहमचा असे? दोन हजार, कित्येकदा चार हजार! बारीक तारेचे हजारो वेढे घातले म्हणजे थोड्याशा प्रवाहातही चुंबकाला पुरेसा झटका बसतो. म्हणून जेथे प्रवाहाची टंचाई होती तेथे मुद्दाम जास्त ओहमचा हेडफोन वापरीत. जास्त ओहम म्हणजे अँप्लिफायर हवाच, हे सूत्र तेथेच मोडते.

पुढे ध्वनिमुद्रणाच्या खोल्यांत जास्त ओहमचे हेडफोन टिकले त्याचेही कारण आमच्यासारख्याला चटकन पटते. एकाच यंत्रावर वादक, गायक, तंत्रज्ञ असे चौघे ऐकणार. ३२ ओहमचे चार हेडफोन शेजारी शेजारी जोडले, तर यंत्राला ८ ओहम दिसतात आणि त्याची दमछाक होते. २५० चे चार जोडले, तर साडेबासष्ट दिसतात. एकाने ओढून दुसऱ्याला उपाशी ठेवू नये, अशी ती व्यवस्था.

आता मोजणी. घरातल्या विजेसाठी वायरमन जो साधा मल्टिमीटर वापरतात तो ५० आवर्तनांच्या विजेला बरोबर आकडा दाखवतो. म्हणून मुलाने लॅपटॉपवर ५० आवर्तनांचा अखंड सूर पूर्ण आवाजात लावला, हेडफोन टेबलावर ठेवला (कानाला नव्हे, हे बजावून सांगतो!), आणि आम्ही जोडणीच्या दोन टोकांना मीटरच्या सळ्या लावल्या. आकडा आला ०.९ व्होल्ट. व्होल्टचा वर्ग करून ओहमने भागले म्हणजे शक्ती मिळते: ०.८१ भागिले २५०, म्हणजे सुमारे सव्वातीन मिलिवॅट. या हेडफोनला एक मिलिवॅट दिला, की ९६ डेसिबल आवाज निघतो, असे कंपनी सांगते. शक्ती दुप्पट केली की तीन डेसिबल वाढतात, दसपट केली की दहा. सव्वातीनपटीने पाच वाढले. एकंदर १०१ डेसिबल.

हा झाला शिखराचा आवाज. गाणे सतत शिखरावर नसते. आजकालच्या मुद्रणात सरासरी पातळी शिखराखाली पंधरा-वीस डेसिबल असते. म्हणजे कानाला सरासरी ८१ ते ८६. खोलीत बसून काम करायला हे पुष्कळ झाले. मुलाने कीर्तन लावून पाहिले, तेव्हा आवाजाची पट्टी त्याने स्वतःच पूर्णावरून पाऊण भागाखाली आणली. आठ हजारांची गरज तेथेच संपली.

परंतु सरसकट 'लागत नाही' असे सांगून आम्ही मोकळे झालो, तर आमच्यात आणि त्या दुकानदारात फरक काय राहिला? हाच हेडफोन आम्ही कचेरीतल्या जुन्या लॅपटॉपला लावला. मीटरवर आला अर्धा व्होल्ट. हिशेब करा: एक मिलिवॅट, ९६ डेसिबल. नव्या गाण्याला ते कसेबसे चालले. पण ख्यालाच्या जुन्या, मंद पातळीच्या मुद्रणातला आलाप अगदी दूर गेल्यासारखा झाला, आणि पट्टी तर आधीच टोकाला. येथे बाहेरचे साहाय्य हवे, हे कबूल केले पाहिजे. तथापि तेही आठ हजारांचेच हवे असे नाही. यूएसबीच्या छिद्रात बसणारा लहानसा तुकडा एक व्होल्ट देत असला तरी काम भागते. उलट बाजूला ॲपलने २०२१ साली काढलेले चौदा आणि सोळा इंची मॅकबुक प्रो आहेत. जोडलेला हेडफोन किती ओहमचा ते यंत्र स्वतः ओळखते, आणि १५० ओहमच्या वरचा असला, तर तीन व्होल्टपर्यंत देते. आमच्या मुलाच्या हेडफोनला त्यातून ३६ मिलिवॅट मिळाले असते, म्हणजे १११ डेसिबलच्याही वर. त्याला अँप्लिफायर जोडणे म्हणजे भरल्या विहिरीत बादलीने पाणी ओतणे.

ओहमच्या आकड्यावर भिस्त ठेवणारे दुसरीकडेही फसतात. हायफायमॅन कंपनीचा एचई-६ हा हेडफोन अवघा ५० ओहमचा. आकडा पाहून कोणीही म्हणेल, हा तर सोपा. पण एका मिलिवॅटला तो फक्त साडेत्र्याऐंशी डेसिबल देतो. आमच्या ०.९ व्होल्टवर त्यातून जेमतेम ९५-९६ निघतील, म्हणजे २५० ओहमवाल्यापेक्षा पाच कमी, आणि प्रवाह मात्र पाचपट ओढला जाईल. खरे ओझे हे! तेव्हा खोक्यावर ओहमचा आकडा वाचलात, तर त्याच्या शेजारचा डेसिबलचा आकडाही वाचा, आणि तो एका मिलिवॅटचा आहे की एका व्होल्टचा तेही पाहा. दोन्ही पद्धती प्रचारात आहेत, आणि त्यांची सरमिसळ केली की सगळा हिशेब फसतो.

"पण अँप्लिफायरने आवाज खुलतो," असे आम्हांला पुष्कळांनी ऐकवले. आम्ही एका स्नेह्याचा अँप्लिफायर उसना आणून मुलाला ऐकवला. प्रथम त्यालाही खुलल्यासारखे वाटले. मग दोन्हीकडचा व्होल्ट मीटरने सारखा केला, मुलाला पाठ करून बसवले आणि कोणते यंत्र जोडले ते न सांगता अदलाबदल केली. दहा वेळांत त्याने पाच वेळा बरोबर ओळखले. नाणे उडवूनही तेवढेच आले असते. थोडा मोठा आवाज कानाला नेहमीच गोड लागतो, आणि दुकानात तीच पट्टी दोन बोटे वर असते. लॅपटॉपच्या छिद्रातून खरखर येत असेल, तर मात्र गोष्ट निराळी. तो दोष आतल्या यंत्रांच्या गोंगाटाचा आहे, जोराचा नव्हे, आणि तो बाहेरच्या यूएसबी तुकड्याने बहुधा जातो.

राहता राहिला कान. जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढांसाठी ८० डेसिबलला आठवड्याचे ४० तास अशी मर्यादा सांगितली आहे. दर तीन डेसिबलला वेळ निम्मा करायचा. १०१ डेसिबलला ही शिदोरी आठवड्याला एकोणीस मिनिटांत संपते. आमच्या मंडळींना हा हिशेब नवा नाही. १९४८ च्या कारखाना कायद्यातील सूचनीय रोगांच्या यादीत गोंगाटाने येणारा बहिरेपणाही होता. तो आधी चार हजार आवर्तनांच्या आसपासचे सूर खातो, म्हणून माणसाला बोलणे ऐकू येते पण शब्द कळत नाहीत, आणि बरीच वर्षे तो स्वतःला बहिरा समजतच नाही.

मोजणी संपली त्या संध्याकाळी मुलाचे वडील कचेरीत आले होते. तीस वर्षे जिनिंगच्या यंत्रापाशी काढलेला माणूस. मुलाने कौतुकाने हेडफोन त्यांच्या कानाला लावला आणि कीर्तन चालू केले. टाळ ऐकू येतात का, म्हणून विचारले. ते म्हणाले, "मृदंग येते. टाळ कोठी आहेत? वाढव जरा." मुलाने पट्टी वाढवली. त्यांनी आणखी वाढवायची खूण केली. पट्टी टोकाला पोहोचली, टाळ काही आले नाहीत. मुलाने आमच्याकडे पाहिले, हळूच पट्टी खाली आणली आणि हेडफोन काढून घेतला. दुसऱ्या दिवशी त्याने अँप्लिफायरची मागणी रद्द केली आणि वडिलांचे कान तपासण्यासाठी बुलढाण्याची वेळ घेतली.